बारा पोरांची टीम करायची, मग बाकीच्यांनी कुठं जायचं?

वाळवा तालुक्यातल्या एका गावातनं पत्र आलंय. नाव-गाव अर्थातच देत नाही, थोडक्यात सांगते. लिहिणारा २७ वर्षांचा, दिवसा दूध डेअरीत कामाला. २०२१ चा पूर ओसरल्यावर तो आणि त्याचे दोन मित्र शाळेच्या ग्राउंडवरचा गाळ काढायला गेले, गाळ निघाल्यावर तिथंच पोरं गोळा करून कबड्डी सुरू केली, ती आजपर्यंत रोज संध्याकाळी सहाला चालू आहे, फी एक रुपया नाही. रजिस्टरवर ४६ नावं. त्यात एका पोराचा डावा हात जन्मापासून अधू आहे, "तो स्कोर छान लिहितो". दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची दहा-बारा पोरं येतात आणि मार्चमध्ये निघून जातात. मुली आधी १४ होत्या, आता ५ आहेत, कंसात लिहिलंय "मोठ्या झाल्या". आता गावातले एक मोठे व्यावसायिक मॅट, किट आणि वर्षाला दीड लाख द्यायला तयार झालेत. अट एकच, १२ पोरं निवडा, त्यांच्यावरच मेहनत घ्या, वर्षात नाव काढा, "बाकीची गर्दी कमी करा". एक मित्र म्हणतो घेऊया, मेडल आल्याशिवाय आपल्याला कोण विचारतंय. दुसरा म्हणतो हे पाप आहे. दोघांचं बोलणं बंद झालंय. प्रश्न असा: "ताई, ग्राउंड सगळ्यांसाठी हे आमचं तत्त्व. तत्त्व सोडून पैसे घ्यायचे का तत्त्व धरून पैसे सोडायचे? आणि संस्था रजिस्टर करावी का?"

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबले, त्या कंसापाशी. "मोठ्या झाल्या".

तू देणगीदाराच्या अटीवर दोन पानं लिहिलंस, मित्रांच्या भांडणावर एक पान लिहिलंस, आणि नऊ मुली ग्राउंड सोडून गेल्या त्याच्यावर दोन शब्द लिहिलेस तेही कंसात. रागावू नकोस, मी तुला दोष देत नाहीये, मी स्वतः बावीस वर्षं शाळेत खेळाची बाई होते आणि मी हेच केलेलं आहे. पण बघ ना, ते व्यावसायिक तुझ्या दारात यायच्या आधीच तुझं ग्राउंड "सगळ्यांसाठी" राहिलेलं नव्हतं. त्या नऊ जणींना कुणी काढलं नाही, कुणी गर्दी म्हटलं नाही, फक्त त्या यायच्या बंद झाल्या तेव्हा कुणी घरी जाऊन विचारलं नाही. गेट उघडं ठेवलं की सगळे येतात असं आपल्याला वाटतं, पण उघड्या गेटातनं सुद्धा पोरं गळतात, आणि गळतात ती नेहमी तीच, मुली, अपंग पोरं, परगावची पोरं. म्हणून तत्त्व की पैसे हा तुझा प्रश्न मला थोडा चुकीचा मांडलेला वाटतो. आधी तत्त्व नीट पाळायचं कसं ते बघू, मग त्याला पैसे लागतात का आणि कुणाचे चालतील हे आपोआप सोपं होईल.

माझी गोष्ट सांगते. माझ्या खो-खोच्या टीममध्ये एक मुलगी होती, आठवीतली, सूर मारायची तर बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. एका जूननंतर ती प्रॅक्टिसला यायची बंद झाली. मी दोन-तीनदा वर्गात विचारलं, मान खाली घालून "नको बाई" एवढंच म्हणाली, मीही ठरवून टाकलं की हिचा इंटरेस्ट गेला. तीन महिन्यांनी आठवडी बाजारात तिची आई भेटली, मेथीची जुडी हातात धरून उभ्या उभ्या तिनं सांगितलं की बाई, शाळेतला संडास पाच वाजता बंद होतो, शिपाई चावी घेऊन घरी जातो, पोरीची पाळी सुरू झालीय, ती दुपारपासनं पाणी पीत नाही आणि प्रॅक्टिसला चक्कर येते म्हणून येत नाही. एक चावी! मी दुसऱ्या दिवशी डुप्लिकेट चावी करून घेतली आणि रिटायर होईपर्यंत ती माझ्या पर्समध्ये होती. ती मुलगी परत आली, पण ते वर्ष गेलं ते गेलंच.

तर तुझ्याकडच्या नऊ जणींची नऊ कारणं असतील, ती मला इथं बसून कळणार नाहीत आणि तुलाही ग्राउंडवर उभं राहून कळणार नाहीत. पण इतक्या वर्षांत जी कारणं परत परत ऐकली ती सांगते. सहाची वेळ, थंडीत साडेसहाला अंधार पडतो आणि आईला घोर लागतो. ग्राउंडच्या कडेला कट्ट्यावर बसणारी मोठी पोरं. शिकवणारे तिघंही पुरुष, आणि कबड्डी म्हणजे अंगाला हात लागणारच. कपडे. धाकट्या भावंडाला सांभाळायचं. यातलं एकही कारण "मोठी झाली" असं नसतं, ती मोठी झाली आणि आपण काहीच बदललं नाही असं असतं. मुलींची बॅच पाचला घे किंवा रविवारी सकाळी घे, गावात एखादी पूर्वी खेळलेली सून नक्की असेल (कबड्डीच्या आपल्या जिल्ह्यात असतेच असते, कुणी विचारत नाही म्हणून ती सांगत नाही), तिला शिकवायला बोलाव आणि तिला मानधन दे, फुकट राबवू नकोस. धाकट्या भावंडांना कडेला बसू दे, त्यांना एक बॉल दे. मुलींनी गटानं घरी जायचं. आणि संडासाची चावी. गावकरी कुरकुरले तर त्यांना आठवण करून दे की २०२३ ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीतच झाली आणि प्रतीक्षा बागडी ही सांगली जिल्ह्यातलीच पोरगी ती जिंकली. कुस्तीचा लंगोट बांधणाऱ्या जिल्ह्यात कबड्डीच्या ट्रॅक पँटला नाक मुरडायचं काही कारण नाही.

आता त्या पोराकडं येते ज्याचा हात अधू आहे. "तो स्कोर छान लिहितो" असं तू कौतुकानं लिहिलंयस. मला एवढंच विचारायचंय, स्कोर लिहायचं त्यानं मागितलं होतं का तू दिलंस? कारण खेळता येत नाही असं आपण आधी ठरवतो आणि मग प्रेमानं वही हातात देतो. कबड्डीच बघ, बोनसला हात लागतोच कुठं? समोर सहा किंवा जास्त गडी असले की एक पाय बोनस रेषेपलीकडं टेकवायचा आणि दुसरा हवेत, झाला पॉइंट. चढाईत पायानं गडी मारता येतो. पकडीला त्याला डाव्या कोपऱ्यात उभा कर, शेजारचा गडी त्याच्या उजव्या बाजूला येतो, उजव्या हातानं साखळी धरता येते. जमेल का नाही हे त्याला ठरवू दे, आठ दिवस खेळून. आणि तरी तो म्हणाला मला स्कोरच लिहायचाय तर आनंदानं लिहू दे, पंच व्हायची परीक्षा असते, पुढं त्या वाटेनं जाऊ दे.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटर फेकून सिल्व्हर आणलं, तेही हाताच्या अपंगत्वाच्या गटात. आणि तुझ्याच भागातले, पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात गोल्ड, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. ही नावं तू देणगीदाराला सांग, सरपंचाला सांग, पण त्या पोराच्या डोक्यावर ठेवू नकोस. बाकीच्या पोरांना आपण "ऑलिम्पिक खेळशील तरच ये" म्हणत नाही, मग ह्याच्यावरच ते ओझं कशाला? त्याला संध्याकाळी घाम यावा आणि घरी जाऊन भाकरी जास्त खावी, बास.

ऊसतोडीच्या पोरांचं मला माहितीय काय होतं. नोव्हेंबरमध्ये कोप्या, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्या पडतात, पोरं ग्राउंडच्या कडेला येऊन उभी राहतात, चारेक दिवसांनी आत येतात, खेळायला लागतात आणि मार्चमध्ये एका रात्रीत ट्रॅक्टर निघून जातो. आपल्या मनात येतं पाच महिन्यांसाठी काय मेहनत घ्यायची. पण त्या पोरांचं सगळं आयुष्यच पाच महिने इथं आणि बाकीचे गावाकडं असं आहे, त्यांच्याबाबतीत सगळे हाच विचार करतात, शाळासुद्धा. तू रजिस्टरवर त्यांची नावं लिहितोस हे वाचून मला फार बरं वाटलं. माझ्याकडं अशीच एक बीडकडची पोरगी यायची, रोज येऊन पहिल्यांदा विचारायची "बाई, माझं नाव हाय का वहीत?" आणि बोटानं स्वतःचं नाव दाखवायची, वाचता येत नव्हतं तिला, जागा पाठ होती. त्यांच्यासाठी जास्त काही करायचं नाही, फक्त तुझी गावातली छोटी स्पर्धा जी तू मे महिन्यात घेतोस ती जानेवारीत घे, म्हणजे ती पोरं असतात. टीम पाडताना मिसळून पाड, त्यांची वेगळी टीम करू नकोस. आणि त्यांच्या गावाकडं कुठं खेळायची सोय आहे का ते पालकांना विचारून ठेव, एखाद्या पोरात खरंच काही दिसलं तर तिथल्या खेळाच्या सरांना फोन करता येतो.

आता ते दीड लाख.

देणगीदार वाईट माणूस आहे असं मला पत्रातनं वाटलं नाही. पैसे देणाऱ्याला काहीतरी डोळ्यांनी दिसायला हवं असतं, ट्रॉफी दिसते, म्हणून तो ट्रॉफी मागतो. दुसरं काय दिसू शकतं हे आपण त्याला कधी दाखवलंच नाही तर त्याचा काय दोष? त्यांना एकदा सहा वाजता ग्राउंडवर बोलाव, खुर्ची मांडू नकोस, हार घालू नकोस, फक्त तासभर बघू दे. मग साधं गणित सांग. कबड्डीत आत सात, बाहेर पाच, अशी बारा जणांची टीम. पण बारा पोरांत सराव सामना सुद्धा होत नाही, समोर सात लागतात ना! ज्यांना ते गर्दी म्हणतायत ती गर्दी असेल तरच त्यांची टीम तयार होते. आणि तेराव्या वर्षी जो बुटका बारक्या असतो तो सोळाव्या वर्षी कोपरारक्षक म्हणून असा उभा राहतो की हलत नाही, हे मी कितीदा तरी बघितलंय, बारा वर्षांच्या पोरांत बारा निवडणं म्हणजे निम्म्या वेळा फक्त आधी वाढलेली पोरं निवडणं.

तुझ्या पहिल्या मित्राला मात्र नीट ऐक. "मेडलशिवाय कोण विचारत नाही" म्हणतो ते तो हावरेपणानं म्हणत नाहीये. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, गरीब घरातल्या पोराला तो खरा रस्ता आहे, आणि साताऱ्याकडच्या दुष्काळी मोही गावातनं निघालेली धावपटू ललिता बाबर २०१६ ला रिओच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलपर्यंत पोचली, तिची सुरुवात पण खो-खोनंच झाली होती. ज्या पोराला पुढं जायचंय त्याला "आपल्याकडं सगळे सारखे" म्हणून मागं ओढणं हाही अन्यायच आहे. फक्त मित्राला हे माहीत असू दे की गावोगावच्या चषकांची सर्टिफिकेटं त्या आरक्षणाला चालत नाहीत, मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धा लागतात आणि क्रीडा खात्याकडून पडताळणी होते, म्हणजे घाईनं वर्षात नाव काढून पोरांच्या हाती फार काही लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की दोन्ही कर, पण वेगळ्या दिवशी. चार दिवस सगळे, एकही पोर बाहेर नाही. दोन दिवस टीमचा जादा सराव, आणि टीममधल्या पोरांनी त्या चार दिवसांत बारक्यांना शिकवायचं, नाही शिकवलं तर टीममध्ये नाही. टीम मुलांची एक आणि मुलींची एक. देणगीदाराचं नाव मॅटवर असू दे, टी-शर्टवर असू दे, बोर्डावर असू दे, पोरांच्या यादीवर मात्र त्यांची सही चालणार नाही. हे सगळं एका कागदावर लिही, अर्धं पान पुरे, किती पैसे, कशासाठी, कोण आत येईल हे कोण ठरवणार, आणि तू आणि देणगीदार दोघांनी सह्या करा. तोंडी ठेवलंस तर दुसऱ्या वर्षी इलेक्शन येईल आणि तुझी पोरं कुणाच्या तरी रॅलीत टी-शर्ट घालून उभी असतील, तेही आत्ताच कागदावर लिहून टाक की असं होणार नाही.

आणि मॅटबद्दल एक विचारते, ठेवणार कुठं? मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, त्यामुळं सवय लागते हे खरं, पण उघड्या ग्राउंडवर ऊन-पावसात ती टिकत नाही, रोज काढायची-घालायची, शूज लागतात, आणि एकदा मॅट आली की "माती लागेल" म्हणून बारक्यांना तिच्यावर चढू देत नाहीत. सभामंडप किंवा हॉल मिळत नसेल तर मॅट नंतर. त्या पैशातनं लाइट लाव, पिण्याच्या पाण्याची टाकी, प्रथमोपचाराची पेटी, त्या शिकवणाऱ्या बाईंचं मानधन, आणि रेषा आखायची फक्की कायमची.

देणगीदार नाहीच म्हणाले तर? तर हात जोडून नको म्हण, भांडण करू नकोस, एका गावात राहायचंय. खाशाबा जाधवांची गोष्ट तुला माहितीच असेल, कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले, आणि खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल. वर्गणीची आपल्याकडं लाज नाही, गणपतीला काढतो, यात्रेला काढतो. शंभर घरांनी महिन्याला ५० रुपये दिले तर वर्षाला ६०,००० होतात, आणि शंभर जणांपैकी कुणी एक जण "गर्दी कमी करा" म्हणू शकत नाही. दीड लाख नाहीत हे, पण तुझं आत्ताचं काम शून्यावर चाललंय हे विसरू नकोस.

रजिस्टर करायचं का? लगेच नको असं मी म्हणेन, आधी गावातली एखादी रजिस्टर असलेली तालीम, वाचनालय किंवा मंडळ बघ, त्यांच्या नावाखाली क्रीडा विभाग म्हणून काम करता येतं का विचार. हिशोब स्वच्छ असलेलं मंडळ मिळालं तर दोन वर्षांची पायपीट वाचते. नाहीच मिळालं आणि नियमित पैसे यायला लागले तर मात्र कर, कारण दीड लाख तुझ्या पर्सनल खात्यात आले तर उद्या संशय तुझ्यावर. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंद करावी लागते, काम धर्मादाय कार्यालयात होतं. सातमध्ये तुमच्या तिघांचेच भाऊ-मेहुणे भरू नकोस, दोन आया घे, एक शिक्षक घे, आणि तो हात अधू असलेल्या पोराचे वडील घे. बँकेत दोन सह्या, वर्षाला ऑडिट, आणि हिशोबाचा कागद शाळेच्या भिंतीवर. पुढं कधी कंपन्यांकडं जायचं झालं तर सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांना समाजकार्यावर जो खर्च करावा लागतो त्यात, ग्रामीण आणि पॅरालिम्पिक खेळांचं प्रशिक्षण बसतं, पण तिथं आयकर खात्याकडची नोंदणी (१२ए, ८०जी म्हणतात ती) आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, त्यामुळं आजपासनं पोरांच्या हजेरीचं रजिस्टर आणि पावत्या जपून ठेव.

एक विषय तू लिहिला नाहीस तरी मी काढते, कारण असं ग्राउंड चालवणारे अजूनही कितीतरी जण हे वाचतील. पोरांबरोबर मोठं माणूस एकटं नको, कधीच नको, तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही तर नियम सगळ्यांना सारखा म्हणून. स्पर्धेला बाहेरगावी जाताना मुलींबरोबर बाई हवीच. मालिश-बिलिश प्रकार बंद. पोरांचे फोटो इन्स्टावर टाकायच्या आधी घरच्यांना विचार. १०९८ हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मोठा लिहून ठेव, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ पासनं आहे, काही कळूनही कळवलं नाही तर न कळवणं हाही गुन्हा होतो, हे तिघांनीही माहीत करून घ्या.

राहिले तुझे दोन मित्र. त्यांना तत्त्वावर बोलायला बसवू नकोस, परत भांडतील. रजिस्टर घेऊन बस, २०२१ पासनंची सगळी नावं काढा आणि जी आज येत नाहीत त्यांच्यावर पेन्सिलीनं खूण करा, मग प्रत्येक नावापुढं कारण लिहायचा प्रयत्न करा. कारण माहीत नसेल तिथं प्रश्नचिन्ह. किती प्रश्नचिन्हं होतात ते बघितल्यावर दोघांना बोलायला दुसरा विषय मिळेल.

आणि त्या नऊ जणींच्या घरी ह्या रविवारी जा. दारातनं "का येत नाही" विचारू नकोस, चहा घे, बस. तुम्ही तिघं पुरुष मिळून जाऊ नका, पोरी काही बोलणार नाहीत. तुझ्या आईला सोबत ने, मधल्या घरात काय बोलणं झालं ते तिला विचार.